फॉर्मवर नसलेला रकाना

जाहिरात साधीच होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: चौदा चाचण्या, एकदाच रक्त द्या, रिपोर्ट थेट तुमच्या मोबाईलवर, कोणालाही कळणार नाही. भाच्याने ती कौतुकाने मावशीसमोर धरली. मावशीने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि खालच्या अटी-शर्तींसकट सगळी वाचून काढली. मग फोन परत देत ती म्हणाली, "कोणालाही कळणार नाही, हे मात्र खरं लिहिलंयस. ज्याचा रिपोर्ट, त्यालाही कळणार नाही."

रविवारची दुपार होती. भाचा पुण्यात रक्त-लघवी तपासणीचं केंद्र चालवतो. वय ३४, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची आणि धावपळ याची. मावशी साताऱ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही चाचणी केंद्रावर १८ वर्षं समुपदेशक होती. नोकरी शेवटपर्यंत कंत्राटी, त्यामुळे निरोपाला शाल आणि नारळ मिळाला, पेन्शन नाही. घरात हा विषय निघाला की भाच्याची आई स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावते. आजही लावला. चटणीला एवढं वाटण कधी लागत नाही.

"मावशी, रिपोर्ट ज्याचा त्याचा असतो," भाचा म्हणाला. "बँकेतला बॅलन्स सांगायला कोणी समुपदेशक नेमतं का?"

"बॅलन्सचा आकडा रुपयांचा आहे, एवढं तरी माणसाला ठाऊक असतं. तुझ्या रिपोर्टावरचा आकडा कशाचा असतो?"

तिने शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीची गोष्ट काढली. लग्न ठरलेलं. मैत्रिणीच्या आग्रहाने तिने असंच एक 'प्रोफाइल' करून घेतलं आणि रात्री अकरा वाजता फोनवर लाल अक्षरं आली: एचएसव्ही-१ आयजीजी, पॉझिटिव्ह. इंटरनेटवर शोधलं तर 'हर्पिस' आणि 'लैंगिक आजार' हे दोन शब्द शेजारी शेजारी. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. कोणाबरोबर कधी काही झालेलं नसताना हे आलं कुठून, हे तिला कळेना. आणि घरच्यांना ते पटेल, याची तिला खात्री नव्हती.

मुळात एचएसव्ही-१ म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ताप आल्यावर ओठावर उठणारे जराचे फोड. तो लहानपणीच, आत्या-मावशांच्या पाप्यांतूनही येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पन्नाशीच्या आतली सुमारे ३८० कोटी माणसं, म्हणजे शंभरातली ६४, हा विषाणू अंगात बाळगून आहेत. आयजीजी एवढंच सांगते की शरीराची त्याच्याशी कधीतरी गाठ पडली होती. कधी पडली, कुठल्या जागी, कोणामुळे, यातलं काहीही ती सांगत नाही. एचएसव्ही-२ हा गुप्तांगाच्या हर्पिसचा नेहमीचा विषाणू. पण त्याची आयजीजी काठावरची, म्हणजे इंडेक्स ३ च्या आत आली, तर ती खोटी निघण्याची शक्यता बरीच असते. म्हणून अंगावर फोड किंवा व्रण नसताना ही चाचणी सरसकट करू नये, असंच तज्ज्ञ सांगतात.

"मग पॅकेजमध्ये ती का आहे?" मावशीने विचारलं.

भाचा प्रामाणिक माणूस आहे. "चौदा आकडा चांगला दिसतो म्हणून," तो म्हणाला. आणि लगेच उसळला. "पण तू फक्त घाबरलेली माणसं पाहिलीस. न आलेली पाहिली नाहीस."

इथे त्याची बाजू भक्कम होती. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जातं, हे सांगायला माणूसच नव्हतं. भाच्याचं म्हणणं, ही दरी अजून बुजलेली नाही, तिला फक्त रंग दिलाय. तालुक्याच्या दवाखान्यात केस पेपर काढायला रांगेत उभं राहायचं आणि खिडकीपलीकडचा माणूस निघतो चुलत सासऱ्यांच्या ओळखीचा.

"माझा मित्र गेला होता एका केंद्रावर," तो पुढे म्हणाला. "पहिला प्रश्न काय, तर लग्न झालंय का. नाही म्हणाला, तर वीस मिनिटं संस्कारांवर व्याख्यान. रिपोर्ट घ्यायला तो परत गेलाच नाही. माझी पीडीएफ निदान व्याख्यान तरी देत नाही."

मावशी गप्प बसली. मिक्सर थांबला होता. "असं होतं," ती शेवटी म्हणाली. "आमच्यातलेच करतात. त्याला समुपदेशन म्हणू नये."

तरी ती हटली नाही. तिचा मुद्दा सभ्यतेचा नव्हताच, तारखेचा होता. लोकांना भीती वाटते ती पॉझिटिव्हची. तिला १८ वर्षं धास्ती वाटली ती निगेटिव्हची. एक क्लीनर पोरगा लांबच्या फेरीवरून आला आणि पाचव्या दिवशी चाचणी करून गेला, बाहेर कुठल्याशा लॅबमध्ये. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. तो कागद त्याने घडी घालून पाकिटात ठेवला होता, लायसन्ससारखा. तीन महिन्यांनी तिच्या टेबलाशी आला, तेव्हा बायको गरोदर होती.

एचआयव्ही शिरल्यावर तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. समुपदेशक त्याला 'विंडो पिरियड' म्हणतात. किती काळ, ते चाचणीवर ठरतं. बोट टोचून होणाऱ्या, फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या रॅपिड चाचणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची चाचणी अँटीबॉडीबरोबर विषाणूचं प्रथिनही शोधते, तिला १८ ते ४५ दिवस. विषाणूची जनुकं मोजणाऱ्या चाचणीला १० ते ३३. पाचव्या दिवशी यातली कुठलीही चाचणी बोलत नाही. पाचव्या दिवसाचा निगेटिव्ह म्हणजे धोका पत्करलेल्या त्या रात्रीच्या आधीचा निगेटिव्ह.

"आणि तो पोरगा तिसऱ्या दिवसाच्या आत आला असता, तर चाचणीपेक्षा मोठं काम होतं," मावशी म्हणाली. ती पीईपीबद्दल बोलत होती: धोका घडल्यापासून ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची औषधं. चौथ्या दिवशी तो दरवाजा बंद होतो. "तुझ्या फॉर्मवर कुठे विचारतोस, कधी झालं म्हणून?"

भाच्याने उत्तर दिलं नाही. पण पॉझिटिव्हचा विषय निघाल्यावर बोलायची पाळी त्याची होती, कारण आकडेमोड त्याची. गणेशोत्सवातलं रक्तदान शिबिर घे, तो म्हणाला. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलीस आणि मलेरियासाठी तपासावीच लागते. समज, १०,००० माणसं तपासली. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे त्यात २० जण बाधित. आता हिशोबापुरतं धर, की किट निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा निरोगीच म्हणतं. उरलेल्या ९,९८० पैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५० जण उगाचच रिअ‍ॅक्टिव्ह. एकूण रिअ‍ॅक्टिव्ह ७०, खरे २०.

"म्हणजे एवढं चांगलं किट असून, पहिल्या फटक्यात रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना काहीच झालेलं नाही. किट खराब नाही गं. आजार कमी असला की असंच होतं."

हे गणित ऐकून मावशीचा चेहरा खुलला. तिला ते रोजच्या कामातून ठाऊक होतं, असं मांडून कोणी दाखवलं नव्हतं. सरकारी केंद्रात एका किटवर कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, ते याचसाठी. पहिलं रिअ‍ॅक्टिव्ह आलं की वेगळ्या बनावटीची आणखी दोन किटं लावायची. तिन्ही एकमताने बोलली तरच पॉझिटिव्ह. नंतरच्या दोघांत मतभेद झाला तर निकाल अनिर्णित, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. 'रिअ‍ॅक्टिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' या दोन शब्दांमध्ये दोन किटांचं अंतर आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं तेच पुसलं जातं.

"तुमच्याकडे एकच लावता ना?"

"एक लावतो, आणि खाली बारीक अक्षरात लिहितो की खात्रीसाठी पुढची चाचणी करावी."

"बारीक अक्षरात," मावशी म्हणाली. मग तिने कायदा काढला. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि संमतीत चाचणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन धरलेलं आहे. खासगी लॅबला त्यातून सूट नाही. भाच्याने 'मला मान्य आहे' लिहिलेल्या चौकोनाचा उल्लेख केला. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

चहा झाला. सगळ्यात घोळ कशाचा, यावर मात्र दोघांचं एकमत होतं: व्हीडीआरएलचा. ही सिफिलीसची, म्हणजे आजीच्या पिढीत ज्याला 'गरमी' म्हणत त्या आजाराची, जुनी चाचणी. गंमत अशी, की ती सिफिलीसचा जंतू शोधतच नाही. गाईगुरांच्या हृदयातून काढलेल्या कार्डिओलिपिन नावाच्या चरबीशी रुग्णाचं रक्त भिडवायचं आणि गुठळ्या होतात का ते बघायचं. पेशींची मोडतोड झाली की शरीर त्या चरबीविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, आणि मोडतोड काही फक्त सिफिलीस करत नाही. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपससारखे आजार, म्हातारपण, कधी नुसतं गरोदरपण, यातही व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. बहुधा कमी आकड्याची, १:८ च्या आतली. म्हणून तिच्या जोडीला टीपीएचए लागते, जी खुद्द त्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते.

टीपीएचएची खोड उलटी. सिफिलीस पूर्ण बरा झाला तरी ती बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. आखाती देशांच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीत सिफिलीस बघतात. रत्नागिरीकडचा एखादा माणूस दहा वर्षांपूर्वी पेनिसिलीन घेऊन बरा झालेला असला, तरी तिथे अडकू शकतो, कारण जुन्या उपचाराचा कागद त्याने कधीच फाडून टाकलेला असतो. असा कागद फाडू नये. लाज वाटत असेल तर पासबुकात ठेवावा.

"आणि व्हीडीआरएलचं १:३२ वरून १:१६ झालं, की लोक पेढे वाटतात," भाचा म्हणाला. हा आकडा म्हणजे रक्तातलं पाणी किती पट पातळ केल्यावरही चाचणी बोलते, ते माप. एका पायरीची घट-वाढ वाचणाऱ्याच्या नजरेतूनही होते. १:३२ वरून १:८, अशा दोन पायऱ्या उतरल्या तर उपचार लागू पडला म्हणायचं. दोन पायऱ्या चढल्या तर नवी लागण किंवा उपचार फसला. त्यासाठी आजार सुरुवातीचा असेल तर सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, ते त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. काहींचा आकडा १:२ वर येऊन तिथेच ठाण मांडून बसतो, माणूस बरा असूनही.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग भाचा म्हणाला, "तुला हे सगळं एवढं जड वाटतं, कारण तू २००२ सालात अडकली आहेस."

बोलणं लागलं, पण त्यात तथ्यही होतं. मावशी कामाला लागली तेव्हा पॉझिटिव्ह माणसाला देण्यासारखं टेबलावर काहीच नव्हतं. एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधं देशात १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, आणि सुरुवातीला तीही प्रतिकारशक्ती पार खालावल्यावरच मिळायची. त्या काळात समुपदेशन म्हणजे बरंचसं सांत्वन. २०१७ पासून धोरण बदललं: निदान झालं की औषध सुरू, प्रतिकारशक्ती मोजणारा सीडी-४ आकडा कितीही असो. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. विषाणूंची संख्या चाचणीत सापडणार नाही इतकी खाली राहिली, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर-२' अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये निरोधशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध मोजले गेले आणि जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

"मग हे बीपी-शुगरसारखंच झालं की! त्याला एवढा सोहळा कशाला?"

"गोळी बदलली, घर बदललं नाही," मावशी म्हणाली. "शुगर निघाली म्हणून सुनेला माहेरी पाठवलेलं पाहिलंयस कधी?"

दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवणं अवघड आहे. एचआयव्हीला वेगळं, खास, कुजबुजत बोलायचं काहीतरी करून ठेवल्याने भीती टिकली, हे भाच्याचं म्हणणं जगभरातले अनेक डॉक्टर मांडतात. पण भीती आधी जाते की गुप्तता, या प्रश्नात दर वेळी पणाला लागतं ते कोणातरी एका बाईचं घर. मावशीने तशा बायका पाहिल्या आहेत, भाच्याने त्यांच्या नळ्यांवरचे बारकोड.

आणि हे घर मोडायला एचआयव्हीच लागतो असंही नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह हा शब्द पुरतो. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून टाटा मेमोरिअल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच, चाचणी न झालेल्या गटात ६४. चाचणी जीव वाचवते, ती अशी. पण तिचा निकाल म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्या गर्भाशयमुखाची तपासणी करून, बिघडलेला भाग वेळीच काढता येतो. आणि हा निकाल नवऱ्याच्या कालच्या उद्योगाचा पुरावाही नव्हे, कारण वर्षानुवर्षं गप्प राहून विषाणू अचानक चाचणीत दिसू शकतो.

"बायका पहिला प्रश्न हाच विचारतात: कोणी दिलं?" मावशी म्हणाली. "गोळीने बरा होणारा आजार असला की मी म्हणायचे, कोणी दिलं ते नंतर बघू, आता दोघं मिळून औषध घ्या."

गनोरिया किंवा क्लॅमिडियात हे फारच खरं. एकाने गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्याने नाही, तर आजार दोघांमध्ये टोलवत राहतो. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणानुसार रंगीत किट मिळतात, करड्यापासून काळ्यापर्यंत सात रंगांचे, मोफत, जोडीदारासाठीही देतात. उपचार झाल्यावर सात दिवस संबंध टाळायचे. चाचणी लगेच पुन्हा करायची नाही, कारण मेलेल्या जंतूंची जनुकंही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. पुन्हा लागण झाली का, ते पाहायला तीन महिन्यांनी करायची.

साडेपाच वाजले होते. भाच्याचा फोन वाजला. केंद्रावरचा तंत्रज्ञ होता: आजच्या बॅचमधली एक व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आहे, १:२. स्त्री, २४. सहा वाजता सिस्टीम सगळे रिपोर्ट आपोआप पाठवते, एवढंच कळवायला.

मावशीने ऐकलं. "टीपीएचए?"

"प्रोफाइलमध्ये नाही ती."

"गरोदर आहे का?"

भाच्याने फोनवर विचारलं. तंत्रज्ञाला माहीत नव्हतं.

"असली तर हा आकडा नुसत्या गरोदरपणाचा असू शकतो. किंवा सिफिलीस असेल, आणि पोटातल्या बाळाला लागेल, तर एक दिवस घालवायचा नाही. दोन्ही होऊ शकतं, कळलं?"

भाच्याने तो रिपोर्ट थांबवायला सांगितलं. त्याच नमुन्यावर टीपीएचए लावायची, पैसे घ्यायचे नाहीत. "आणि तिला फोन करून उद्या बोलावून घ्या," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून मावशीकडे पाहत, "नको, नंबर मला पाठवा. इथून करतो."

नंबर आला. मावशीने फोन हातात घेतला, आकड्यांवर नजर फिरवली, पण बटण दाबलं नाही.

"विचार त्याला," ती म्हणाली, "हा नंबर तिचा आहे की नवऱ्याचा."

भाच्याने विचारलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"फॉर्मवर तसा रकाना नाही, सर."